हरित वचने आणि बंकरचे बिल

14 सप्टेंबर 2023 रोजी कोपनहेगनच्या धक्क्यावर युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांनी 'लॉरा मर्स्क' या जहाजाचे नामकरण केले. जहाज तसे लहान. वीस फुटी 2,100 कंटेनर मावतील एवढे, मोठ्या बंदरातला माल आसपासच्या लहान बंदरांना पोचवणारे. आज समुद्रावर 24,000 कंटेनरची जहाजे फिरतात, त्यांच्यापुढे ते किरकोळच. तरीही त्या समारंभाची जगभर दखल घेतली गेली, कारण मेथेनॉलवर चालू शकणारे ते जगातले पहिले कंटेनर जहाज होते. ते बांधून घेणारी डॅनिश कंपनी मर्स्क तोवर या धंद्यातली सर्वांत महत्त्वाकांक्षी पर्यावरण-प्रतिज्ञा करून बसली होती: 2040 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन.

त्यानंतर वर्षही उलटले नव्हते, तेव्हा ऑगस्ट 2024 मध्ये मर्स्कने जाहीर केले की आपल्या नव्या जहाजांपैकी बरीचशी द्रवरूप नैसर्गिक वायूवर, म्हणजे एलएनजीवर चालणारी असतील. हाच वायू जीवाश्म इंधन म्हणून या कंपनीने आधी कित्येक वर्षे बाजूला ठेवला होता. कंटेनर वाहतुकीतल्या हरित वचनांचे पुढे काय होते हे समजून घ्यायचे तर या दोन घटनांच्या मधली जागा नीट पाहावी लागते. एका कंपनीला खोटारडी ठरवून मोकळे होण्यासारखे हे प्रकरण नाही.

आधी या धंद्याचा आवाका. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या, म्हणजे आयएमओच्या, 2020 च्या अभ्यासानुसार 2018 साली जगभरच्या जहाजांनी 107.6 कोटी टन हरितगृह वायू सोडले. मानवनिर्मित उत्सर्जनात हा वाटा 2.89 टक्के. 2012 साली आकडा 97.7 कोटी टन होता, म्हणजे सहा वर्षांत तो सुमारे दहा टक्क्यांनी वाढला. यातला बहुतांश धूर तीन प्रकारच्या जहाजांचा: तेलवाहू, सुटा माल वाहणारी आणि कंटेनरवाली. तिन्हींत कंटेनर जहाजे जास्त वेगाने धावतात, ठरलेल्या वेळापत्रकावर धावतात आणि त्यांच्या मालावर आपल्या ओळखीच्या कंपन्यांची नावे असतात. त्यामुळे वचन मागितले जाते ते त्यांच्याकडेच. कोळसा वाहणाऱ्या जहाजमालकाला कोणी गिऱ्हाईक विचारत नाही की तुझे नेट झिरोचे वर्ष कोणते.

कायद्याने मात्र या धंद्याला बराच काळ मोकळे सोडले होते. 1997 च्या क्योटो करारात जहाजांचे उत्सर्जन कोणत्याही देशाच्या खात्यावर न घालता आयएमओकडे सोपवले गेले. कारण सरळ होते. जहाज बांधले कोरियात, मालक ग्रीक, झेंडा लायबेरियाचा, खलाशी फिलिपिन्सचे आणि कोकणातले, माल चीनचा, गिऱ्हाईक जर्मन; धूर कोणाच्या नावावर लिहायचा? आयएमओने पहिले हवामान धोरण मंजूर केले ते एप्रिल 2018 मध्ये, क्योटोनंतर तब्बल 21 वर्षांनी. त्यात 2050 पर्यंत उत्सर्जन 2008 च्या तुलनेत किमान निम्मे करण्याचे ध्येय होते. जुलै 2023 मध्ये ते '2050 च्या सुमारास निव्वळ शून्य' असे कडक झाले. मधली पोकळी कंपन्यांच्या स्वेच्छेच्या वचनांनी भरली.

मर्स्कने डिसेंबर 2018 मध्ये 2050 हे वर्ष जाहीर केले आणि जानेवारी 2022 मध्ये ते दहा वर्षांनी अलीकडे आणले. जर्मनीच्या हॅपाग-लॉइडने 2045 निवडले. जगातली सर्वांत मोठी कंटेनर कंपनी एमएससी, फ्रान्सची सीएमए सीजीएम, जपानी कंपन्यांची वन आणि तैवानची एव्हरग्रीन यांनी 2050. चीनच्या कॉस्कोने आपल्या सरकारच्या धोरणाप्रमाणे 2060. वर्षांची ही यादी एवढीच पुरे. तिच्यातून कळते ते थोडेच.

जास्त कळते ते मोजमापाच्या पद्धतीतून. सुरुवातीची जवळजवळ सगळी वचने प्रतिकंटेनर उत्सर्जनाची होती. एक कंटेनर एक किलोमीटर नेताना किती कार्बन सुटला, तो आकडा खाली आणायचा. जहाजे मोठी झाली, इंजिने सुधारली की हा आकडा आपोआप उतरतो, आणि कंटेनरांची संख्या वाढली तर एकूण धूर तरीही चढतो. मर्स्कचे 2030 साठीचे पहिले उद्दिष्टही प्रत्येक कंटेनरमागे 50 टक्के कपात असे सापेक्षच होते. फेब्रुवारी 2024 मध्ये सायन्स बेस्ड टार्गेट्स इनिशिएटिव्ह या संस्थेने मर्स्कची जी नवी उद्दिष्टे मान्य केली, त्यांत जहाजांमधून थेट होणारे एकूण उत्सर्जन 2022 च्या तुलनेत 2030 पर्यंत 35 टक्क्यांनी घटवण्याचे बंधन आले. माझ्या मते मर्स्कची खरी धाडसी प्रतिज्ञा हीच. 2040 उजाडेपर्यंत आजचे संचालक निवृत्त झालेले असतील. 2030 चा हिशेब मात्र यांतल्या बऱ्याच जणांना स्वतः द्यावा लागेल. न्यूक्लायमेट इन्स्टिट्यूट आणि कार्बन मार्केट वॉच यांनी 2022 साली जगातल्या 25 बड्या कंपन्यांची हवामानवचने तपासली, तेव्हा त्यांतल्या त्यात विश्वासार्ह ठरलेली एकमेव कंपनी मर्स्कच होती. म्हणून मर्स्कची अडचण ही सबंध धंद्याची अडचण म्हणून वाचायला हवी.

आजवर या धंद्याने केलेली सर्वांत मोठी कार्बन-कपात कोणत्याच प्रतिज्ञेतून आलेली नाही. ती वेगातून आली. जहाज ढकलायला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग 20 टक्क्यांनी कमी केला तर शक्ती जवळपास निम्मीच लागते; प्रवास लांबतो हे धरूनही तेवढ्याच अंतराला सुमारे एक तृतीयांश इंधन वाचते. 2008 च्या जुलैमध्ये कच्चे तेल बॅरलला 147 डॉलरपर्यंत गेले, पाठोपाठ मंदी आली आणि रिकामी जहाजे पडून राहू लागली. तेव्हा 24-25 नॉटने पळणारी जहाजे हळू चालू लागली आणि पुढे ती सवयच झाली. मर्स्कने 2011 साली मागवलेली 18,000 कंटेनरची 'ट्रिपल-ई' जहाजे मुळातच संथ चालीसाठी आखलेली होती. इंधनाचे बिल वाचले, धूरही कमी झाला. पर्यावरण आणि नफा एकाच दिशेने चालले की कंपन्या कोणी न सांगता चालतात, हा या धंद्याचा पहिला धडा.

उलट परिस्थिती आली की तो धडा उलटाही लागू होतो. 2023 च्या अखेरीस लाल समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांचे जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि आशिया-युरोप वाहतूक आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपमार्गे जाऊ लागली. सिंगापूर ते रॉटरडॅम हे अंतर सुमारे 8,300 सागरी मैलांवरून 11,800 च्या आसपास गेले. वेळापत्रक सांभाळायला वेग वाढवावा लागला, जादा जहाजे लावावी लागली, आणि वर सांगितलेला घनाचा नियम आपले काम करत राहिला. 2024 च्या हंगामात नाशिकची द्राक्षे न्हावा-शेवाहून युरोपला नेणाऱ्यांनी हा वळसा वाढलेल्या भाड्यात आणि लांबलेल्या दिवसांत सोसला. त्याच वळशाचा कार्बन कंपन्यांच्या अहवालांत चढला. खलाशांचे जीव धोक्यात घालून सुएझमधून जा असे कोणीच म्हणणार नाही. पण स्वेच्छेचे वचन किती पातळ जमिनीवर उभे असते, हे त्या एका वर्षात दिसले.

आता इंधनाकडे येऊ, कारण खरा अडथळा तिथे आहे. जहाजात भरतात त्या इंधनाला या धंद्यात बंकर म्हणतात. कंटेनर कंपनीच्या सर्वांत मोठ्या खर्चांपैकी तो एक. शतकभर जहाजे तेलशुद्धीकरणातून उरणाऱ्या गाळावर चालली. तो स्वस्त, कुठेही मिळणारा आणि कमी जागेत जास्त ऊर्जा देणारा. मेथेनॉलमध्ये तेवढ्याच वजनात जेमतेम निम्मी ऊर्जा असते, म्हणजे तेच अंतर कापायला दुपटीने इंधन वाहायचे आणि त्यासाठी टाक्याही मोठ्या ठेवायच्या. त्यातही मेथेनॉल हरित हवे. जगात आज बनणारे बहुतेक सगळे मेथेनॉल नैसर्गिक वायूपासून किंवा कोळशापासून बनते, आणि ते जाळून हवामानाचा काहीच फायदा नाही. हरित मेथेनॉलसाठी अपारंपरिक विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढायचा, जैविक स्रोतातला कार्बन डायऑक्साइड मिळवायचा आणि दोन्ही एकत्र आणायचे. नाहीतर शेतीच्या व शहरांच्या कचऱ्यातून निघणाऱ्या बायोगॅसपासून ते बनवायचे. खर्च साध्या बंकरच्या दुपटीहून वर जातो.

मे 2025 मध्ये डेन्मार्कमधल्या कासो इथे युरोपियन एनर्जी या कंपनीचा असा कारखाना सुरू झाला. क्षमता वर्षाला 42,000 टन. 'लॉरा मर्स्क'ला इंधन मिळायचे ते इथूनच. लेगो आणि नोव्हो नॉर्डिस्क हेही याच कारखान्याचे गिऱ्हाईक. कल्पना करा की ते 42,000 टन सगळेच्या सगळे मर्स्कला मिळाले. ऊर्जेच्या हिशेबाने ते सुमारे 20,000 टन तेलाच्या बरोबरीचे. मर्स्कचा ताफा वर्षाला एक कोटी टनांच्या घरात इंधन जाळतो. म्हणजे हजार भागांतले दोन भाग. स्वीडनमध्ये ऑर्स्टेड कंपनीचा 50,000 टनांचा असाच प्रकल्प उभा राहत होता. ऑगस्ट 2024 मध्ये कंपनीने तो सोडून दिला. चढ्या दराने दीर्घ मुदतीचे करार करायला गिऱ्हाईकच मिळत नव्हते. मर्स्कने चीनच्या गोल्डविंडशी वर्षाला पाच लाख टनांचा करार नोव्हेंबर 2023 मध्ये केला. त्याचे मोल मोठे आहे, पण तशा डझनावारी करारांची गरज आहे.

इथे एक दुष्टचक्र तयार होते आणि ते सोडवायला एखाद्या कंपनीची नियत पुरत नाही. इंधन नाही म्हणून जहाजे मागवायला कोणी धजत नाही. जहाजे नाहीत म्हणून इंधनाचा कारखाना कोणी काढत नाही. मर्स्कने 2021 साली मेथेनॉलवर चालणारी 16,000 कंटेनरची आठ मोठी जहाजे मागवून ते चक्र एका बाजूने फोडायचा प्रयत्न केला. ही जहाजे दुहेरी इंधनाची आहेत, मेथेनॉल नसेल तर नेहमीच्या तेलावर चालतात. आणि आज समुद्रावर असलेली या प्रकारची जहाजे बहुतेक वेळ तेलावरच चालतात. त्यामुळे 'आमच्या ताफ्यात इतकी हरित जहाजे' असा आकडा वाचला की पुढचा प्रश्न विचारावा: त्यांनी गेल्या वर्षी हरित इंधन किती टन जाळले? वार्षिक अहवालात तो आकडा असतो, बहुधा मागच्या पानांवर. सर्वांत पुढे असलेल्या कंपनीतही हा वाटा एकूण इंधनाच्या मोजक्या टक्क्यांपलीकडे गेलेला नाही, आणि त्यातही मोठा भाग वापरलेल्या खाद्यतेलापासून बनलेल्या जैवडिझेलचा.

अशा अवस्थेत एलएनजी मोह घालते. सीएमए सीजीएमने 2020 साली 23,000 कंटेनरचे 'जाक सादे' हे एलएनजीवर चालणारे पहिले महाकाय जहाज सेवेत आणले. एलएनजी जाळल्यावर तेलापेक्षा वीस ते पंचवीस टक्के कमी कार्बन डायऑक्साइड निघतो, गंधक जवळजवळ नसतो, काजळी कमी. पण इंजिनातून थोडा मिथेन न जळता तसाच निसटतो, आणि वीस वर्षांच्या काळात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट उष्णता धरून ठेवतो. युरोपीय संघाच्या नियमांत हा निसटता वाटा कमी दाबाच्या संथगती इंजिनांसाठी 1.7 टक्के आणि उच्च दाबाच्या इंजिनांसाठी 0.2 टक्के धरला आहे. म्हणजे एलएनजीचे एक जहाज दुसऱ्यासारखे नसते. कंपनीने 'एलएनजी' एवढेच सांगितले तर निम्मीच माहिती दिली. उद्या याच टाक्यांत बायोगॅसपासूनचा मिथेन भरता येईल, असे कंपन्या सांगतात आणि ते तांत्रिकदृष्ट्या खरे आहे. पण आज मागवलेले जहाज पंचवीस-तीस वर्षे चालते. 2026 मध्ये पाण्यात उतरणारे एलएनजी जहाज 2050 मध्येही फिरत असण्याची दाट शक्यता आहे, आणि 2050 हेच तर बहुतेकांचे शून्याचे वर्ष. 2025 मध्ये कंटेनर जहाजांच्या मागणीची नोंदवही चालू ताफ्याच्या तीस टक्क्यांच्या आसपास पोचली. या वहीतली इंधने पाहिली की कंपन्यांना स्वतःच्या वचनांवर किती भरवसा आहे ते कळते.

पैसा नव्हता असेही नाही. कोविडच्या काळात भाडी कडाडली आणि 2022 या एका वर्षात मर्स्कने 29.3 अब्ज डॉलर, सीएमए सीजीएमने 24.9 अब्ज डॉलर आणि हॅपाग-लॉइडने 17 अब्ज युरो निव्वळ नफा कमावला. या पैशातून लाभांश वाटले गेले, गोदामे आणि हवाई मालवाहतूक कंपन्या विकत घेतल्या गेल्या, नवी जहाजेही मागवली गेली. इंधनाच्या कारखान्यांत त्यातला लहानसा भाग गेला. एवढ्या नफ्यातून कासोसारखे कितीतरी कारखाने उभे राहिले असते. ही संधी हुकली याची खंत मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त वाटते, कारण तसा नफा या धंद्याला पिढीतून एकदाच दिसतो.

पाळली गेलेली वचनेही आहेत आणि ती आवर्जून सांगायला हवीत. 2019 साली सीएमए सीजीएम, एमएससी आणि हॅपाग-लॉइड यांनी रशियाच्या उत्तरेकडचा आर्क्टिक मार्ग वापरणार नाही असे जाहीर केले, आणि 2025 मध्ये एका चिनी कंपनीचे 'इस्तंबूल ब्रिज' हे जहाज त्या मार्गाने वीस दिवसांत निंग्बोहून इंग्लंडला पोचले तरी एमएससीने आपला शब्द पुन्हा बोलून दाखवला होता. सीएमए सीजीएमने 1 जून 2022 पासून आपल्या जहाजांतून प्लास्टिकचा कचरा नेणे बंद केले. श्रीमंत देशांचे प्लास्टिक आशियात येऊन पडण्याचा एक रस्ता त्यामुळे अरुंद झाला. एमएससीने 2022 मध्ये ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्याजवळ स्पर्म व्हेलचा वावर असलेला पट्टा टाळायला सुरुवात केली, आणि श्रीलंकेच्या दक्षिणेला निळ्या देवमाशांसाठी आपली जहाजे नेहमीच्या मार्गापेक्षा दक्षिणेकडून न्यायला लागली. जगातल्या सर्वांत गजबजलेल्या सागरी मार्गांपैकी तो एक आहे आणि तिथे जहाजांच्या धडकेने देवमासे मरत होते.

या वचनांमध्ये एक साम्य आहे. ती एकट्या कंपनीला एकटीने पाळता येतात, त्यांचा खर्च मर्यादित आहे, आणि बाहेरच्या कोणालाही उपग्रहावरून किंवा मालाच्या कागदांवरून ती तपासता येतात. जहाज अमुक रेषेच्या दक्षिणेने गेले की नाही, यात अहवाल लिहिणाऱ्याच्या शब्दकौशल्याला वाव नाही.

कार्बनच्या वचनात या तिन्ही बाजूंची तूट आहे, म्हणून तिथे कायदा लागतो. कायद्याने काय होते याचा दाखला कॅलिफोर्नियात आहे. धक्क्याला लागलेल्या जहाजाने इंजिन बंद करून किनाऱ्यावरची वीज घ्यावी, हा नियम तिथे 2014 मध्ये कंटेनर कंपन्यांच्या निम्म्या फेऱ्यांना आणि 2020 मध्ये 80 टक्क्यांना लागू झाला. जहाजांना जोडण्या बसल्या, बंदरांत खांब उभे राहिले. तीच जहाजे इतर देशांच्या बंदरांत मात्र धूर सोडत उभी राहिली, कारण तिथे नियम नव्हता.

युरोपने 1 जानेवारी 2024 पासून मोठी जहाजे कार्बन-परवान्यांच्या बाजारात ओढली. पहिल्या वर्षीच्या उत्सर्जनापैकी 40 टक्के, 2025 च्या 70 टक्के आणि 2026 पासून सगळ्याचे परवाने घ्यायचे. युरोपबाहेरून येणाऱ्या फेरीचा निम्मा कार्बन मोजायचा. कंपन्या जवळच्या परदेशी बंदरात माल बदलून हे टाळतील, ही भीती ओळखून मोरोक्कोचे टँजियर मेड आणि इजिप्तचे पोर्ट सैद ही बंदरे खास यादीत घातली. 2025 पासून दुसरा नियम आला: इंधनाची कार्बन-तीव्रता त्या वर्षी 2 टक्क्यांनी, 2030 मध्ये 6, 2040 मध्ये 31 आणि 2050 मध्ये 80 टक्क्यांनी घटवायची. सुरुवात इतकी सौम्य आहे की एलएनजी जहाज पहिली काही वर्षे आरामात उत्तीर्ण होते. मागणीच्या वहीत एलएनजी का वाढले याचे एक उत्तर इथे सापडते.

आयएमओचा स्वतःचा नियम त्याहून मवाळ. 2023 पासून प्रत्येक जहाजाला अ ते ई अशी कार्बन-श्रेणी मिळते. ई मिळाली तर सुधारणेचा आराखडा द्यायचा, दंड नाही. शिवाय हिशेबात प्रत्यक्ष वाहिलेला माल धरत नाहीत, जहाजाची क्षमता धरतात. अर्धे रिकामे जहाज हलके असते, कमी इंधन खाते आणि भरलेल्यापेक्षा चांगली श्रेणी मिळवू शकते. हा दोष सगळ्यांना माहीत आहे आणि तरी वर्षे जात आहेत.

एप्रिल 2025 मध्ये मात्र काहीतरी मोठे घडल्यासारखे वाटले. लंडनमध्ये आयएमओच्या समितीने नेट झिरो चौकट 63 विरुद्ध 16 मतांनी तत्त्वतः संमत केली, 24 देश तटस्थ राहिले. भारत आणि चीन बाजूने होते. 5,000 टनांवरच्या जहाजांनी ठरलेल्या मर्यादेपलीकडे कार्बन सोडला तर टनाला 100 ते 380 डॉलर भरायचे, आणि त्या पैशातून स्वच्छ इंधन वापरणाऱ्यांना मदत करायची. सबंध उद्योगावर जागतिक कार्बन-शुल्क लावण्याची ही पहिलीच वेळ ठरली असती. ऑक्टोबरमध्ये अंतिम मंजुरीची बैठक भरली, तोवर अमेरिकेने बाजूने मत देणाऱ्या देशांना जकाती, व्हिसाबंदी आणि बंदरशुल्काच्या धमक्या दिल्या होत्या. सौदी अरेबियाने निर्णय एक वर्ष पुढे ढकलण्याचा ठराव मांडला आणि तो 57 विरुद्ध 49 मतांनी संमत झाला.

या झगड्यात मोठ्या कंटेनर कंपन्या कायद्याच्या बाजूने उभ्या होत्या, हे त्यांच्या खात्यावर जमा करायला हवे. मर्स्कचे तेव्हाचे प्रमुख सोरेन स्कू यांनी 2021 सालीच कार्बनवर टनाला किमान 150 डॉलर कर लावा अशी मागणी केली होती. डिसेंबर 2023 मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत मर्स्क, एमएससी, सीएमए सीजीएम आणि हॅपाग-लॉइड यांच्या प्रमुखांनी एकत्र निवेदन काढून केवळ जीवाश्म इंधनावर चालणारी नवी जहाजे बांधणे थांबवण्याची तारीख ठरवा असे सांगितले. कारण त्यांना आपले गणित कळते. स्वतःहून महाग इंधन घेणारा भाड्यात मार खातो. सगळ्यांना सारखेच महाग पडले तर कोणीच मार खात नाही. मागे उरतो तो गिऱ्हाइकाचा भार, आणि तो धक्कादायक रीतीने कमी आहे. समजा हरित इंधनामुळे चाळीस फुटी कंटेनरचे भाडे 400 डॉलरने वाढले आणि त्यात बुटांचे 8,000 जोड आहेत. एका जोडामागे पाच सेंट, आपले चार-साडेचार रुपये. एवढ्यासाठी हे घोडे अडले आहे.

आतापर्यंत लिहिले ते सगळे धुराड्यापुरते. कंपन्यांच्या अहवालांत शाश्वततेचा मोठा भाग धुराड्यानेच व्यापलेला असतो, आणि जे त्यात येत नाही ते आपल्या किनाऱ्यांवर येऊन लागते.

25 मे 2025 रोजी एमएससीचे 'एल्सा 3' कोचीजवळ बुडाले. जहाज 1997 साली बांधलेले, म्हणजे अठ्ठावीस वर्षांचे, झेंडा लायबेरियाचा. 640 कंटेनर होते. तेरांत घातक माल, त्यांतल्या बारांत कॅल्शियम कार्बाइड. चोवीसही खलाशी वाचले. पुढचे कित्येक दिवस केरळ आणि तमिळनाडूच्या वाळूत प्लास्टिकचे पांढरे दाणे वाहून येत राहिले, आणि ऐन हंगामात मच्छिमारांचा धंदा बसला. केरळ सरकारने 9,531 कोटी रुपयांच्या भरपाईचा दावा उच्च न्यायालयात लावला. एमएससीने 2020 नंतर जुनी जहाजे शेकड्याने विकत घेऊन आपला ताफा जगात पहिला केला आहे. जुनी जहाजे जास्त काळ चालवण्याचा धोका 2050 च्या वचनात कुठे बसतो, हा प्रश्न त्या कंपनीला कोचीच्या किनाऱ्यावरून विचारायला हवा. श्रीलंकेने 2021 मध्ये 'एक्स-प्रेस पर्ल' या जहाजाच्या दुर्घटनेच्या वेळी हेच भोगले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये एक अब्ज डॉलरची भरपाई ठरवली. मुंबईकरांना 7 ऑगस्ट 2010 आठवत असेल. 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया 3' यांची बंदराबाहेर टक्कर झाली, कंटेनर जलमार्गात तरंगू लागले, मुंबई आणि न्हावा-शेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक ठप्प झाली आणि तेलाचा तवंग रायगडच्या खारफुटीपर्यंत पोचला.

जहाजाचा शेवटही असाच हिशेबाबाहेर राहत आला आहे. म्हातारे जहाज रोखीने विकत घेणारा मध्यस्थ त्याचा झेंडा बदलतो, नाव बदलतो आणि भरतीच्या वेळी ते अलंग किंवा चितगावच्या किनाऱ्यावर चढवतो. कागदोपत्री मूळ कंपनीचा संबंध तिथे संपतो. मर्स्कने बराच काळ आपली जहाजे दक्षिण आशियाच्या किनाऱ्यांवर तोडायला दिली नाहीत. 2016 मध्ये धोरण बदलून अलंगच्या निवडक, सुधारलेल्या यार्डांना काम दिले. युरोपातल्या संघटनांनी टीका केली. मला त्या टीकेतला अर्धा भागच पटतो. किनाऱ्यावरची जहाजतोडणी धोकादायक आहेच, पण काँक्रीटची जमीन, क्रेन, सांडपाण्याची व्यवस्था आणि कामगारांचे प्रशिक्षण या सुधारणा अलंगमध्ये आल्या त्या मोठी कंपनी अट घालून आली तेव्हा. सुरक्षित जहाजतोडणीचा 2009 चा हाँगकाँग करार प्रत्यक्ष अमलात यायला 26 जून 2025 उजाडले. कामगाराच्या दृष्टीने आता कागदावर तरी किमान पातळी ठरली आहे.

आणि बंदरे. 24,000 कंटेनरच्या जहाजाचा प्रतिकंटेनर कार्बन सर्वांत कमी, म्हणून कंपन्या त्याला हरित म्हणतात. त्या जहाजाला खोल पाणी, लांबलचक धक्के आणि प्रचंड यार्डे लागतात. 30 ऑगस्ट 2024 रोजी पायाभरणी झालेले डहाणूजवळचे वाढवण बंदर याच मापाने आखलेले आहे: 76,220 कोटी रुपये, प्रत्येकी हजार मीटरची नऊ कंटेनर टर्मिनले, वर्षाला 2 कोटी 32 लाख कंटेनरची क्षमता आणि समुद्रात भर घालून तयार होणारी 1,448 हेक्टर जमीन. डहाणू तालुका 1991 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे. तिथल्या मच्छिमारांनी वर्षानुवर्षे विरोध केला, कारण भर पडणार आहे ती त्यांच्या मासेमारीच्या जागांवर. मोठ्या जहाजाने वाचवलेला कार्बन कंपनीच्या अहवालात जमा होईल. उपसलेली वाळू, हललेले प्रवाह आणि गेलेली मासेमारी त्या अहवालात कुठेच लिहिली जाणार नाही, कारण कार्बन-लेखांकनाच्या आजच्या पद्धतीत त्यासाठी रकानाच नाही.

न्हावा-शेव्यात आज मर्स्कच्या समूहातली एपीएम टर्मिनल्स आहे, सीएमए सीजीएमची भागीदारी आहे. जहाज चालवणारे आणि धक्का चालवणारे समूह आता पुष्कळदा एकच असतात. वाढवणची टर्मिनले चालवायला घेण्यासाठी जे समूह पुढे येतील, त्यांच्याकडे 2040 किंवा 2050 च्या प्रतिज्ञा असतील. त्यांच्याशी तीस-तीस वर्षांचे करार होतील तेव्हा त्या प्रतिज्ञा अटी म्हणून लिहून घेता येतात: पहिल्या दिवसापासून किनाऱ्यावरची वीज, ती न घेणाऱ्या जहाजाला जादा शुल्क, हरित मेथेनॉल आणि अमोनिया ही इंधने भरण्याची सोय, जुन्या व असुरक्षित जहाजांना बंदी, अपघातात समुद्रात पडलेल्या कंटेनरांची जबाबदारी, आणि मच्छिमारांच्या नुकसानीचे दरवर्षी बाहेरच्या संस्थेकडून मोजमाप. हे धक्के बांधून झाल्यावर मागता येणार नाही. ते आताच मागायला हवे.